घासायचं मात्र नाही

...आणि वर प्रत्येक जण बजावतो, "घासायचं मात्र नाही हं!" अहो, घासायचं नाही तर काय डांबराची समजूत काढायची? तुम्हाला सांगतो, रस्ता नुकताच केलेला आहे हे मला कळलं तोवर ते गाडीच्या उजव्या अंगाला, चाकापासून दाराच्या मुठीपर्यंत, तीळ शिंपडावेत तसं बसलेलं होतं. गाडी पांढरीशुभ्र. तीही माझी असती तर मी कशाला तुमचं डोकं खाल्लं असतं... गाडी साडूंची!

आता साडू हे नातं पाहा. ना रक्ताचं, ना आपण जोडलेलं. 'हिच्या बहिणीने यांच्यात काय पाहिलं असेल' हा प्रश्न दोघांनी एकमेकांकडे पाहत मनातल्या मनात आयुष्यभर सोडवायचा. त्यात आमच्या या दोघी बहिणी आईच्या शिवणयंत्रावरून अबोला धरून बसलेल्या. यंत्र एक, लेकी दोन! वर्षं गेली. आणि परवा धाकटीचा आपणहून फोन... "ताई, लेकीचं सामान वसतिगृहावर न्यायचंय ना? आमची गाडी घेऊन जा." त्या दिवशी आमची ही भांडी विसळताना गुणगुणत होती. या घरात गुणगुणणं म्हणजे काय, हे मी विसरलोच होतो.

किल्ली देताना साडूंनी एवढंच सांगितलं, की गाडी उभी कराल तेव्हा डावी बाजू भिंतीला लावा. का, ते मी विचारलं नाही. एकेकाची लहर असते.

डाग पाहून ही ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "धाकटीला वाटेल, ताईला एक वस्तू देऊन पाहिली, तर ही गत. मग पुन्हा फोन नाही यायचा."

संध्याकाळी ती दोघं गाडी न्यायला येणार होती. मी सल्ले गोळा करत फिरलो. शेजारी म्हणाले रॉकेल, हिच्या मावशी म्हणाल्या लोणी, गॅरेजवाला म्हणाला माझ्याकडची बाटली, आणि माझे व्याही, ज्यांच्याकडे कधी सायकलही नव्हती, ते म्हणाले गोडेतेल. उपाय प्रत्येकाचा वेगळा, शेवट मात्र सर्वांचा एक, "घासायचं मात्र नाही!" आता माझं आयुष्य लोककथा शिकवण्यात गेलं. सहा खोल्या उघड, सातवी उघडू नकोस, असं राक्षस सांगून जातो, तेव्हा मुलगी नेमकी सातवीच उघडणार हे ऐकणाऱ्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. कथेतला निषेध हा पाळण्यासाठी नसतोच, तो मोडण्यासाठी असतो. वर्गात हे सांगताना माझा आवाज काय लागायचा म्हणून सांगू!

तर गोडेतेल लावलं. थांबलो. डांबर विरघळून तपकिरी ओघळ आले, ते मऊ फडक्याने टिपले... एकेक तीळ निघाला. राहिला एक, मागच्या चाकाच्या वर, चांगला जाड. पुन्हा तेल लावलं. चहा घेऊन आलो, तो तिथेच. वर्तमानपत्र वाचून आलो, तिथेच! आणि तुम्हाला सांगतो, माझे पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळले आणि हातात भांड्याची घासणी आली. डांबर गेलं. त्याच्याबरोबर तळहाताएवढी चकाकीही गेली.

ती दोघं आली. बहिणी आत गेल्या, आतून हसण्याचा आवाज आला. साडू गाडीभोवती फिरले, मागच्या चाकापाशी उकिडवे बसले, बोट फिरवलं.

"घासलंत?" त्यांनी हळूच विचारलं.

"घासलं."

"नको म्हणून सांगितलं असेल ना?"

"सगळ्यांनी."

त्यांनी घराच्या खिडकीकडे पाहिलं, गाडीत बसले आणि ती भिंतीपासून थोडी बाजूला घेतली. भिंतीकडची बाजू मी तोवर पाहिलीच नव्हती. तिथेही मागच्या चाकाच्या वर तसाच निस्तेज डाग... माझा तळहाताएवढा, त्यांचा ताटाएवढा!

"काथ्या," साडू म्हणाले. "हिला अजून ठाऊक नाही. रंग तिच्या पसंतीचा आहे."

हिच्या बहिणीने यांच्यात काय पाहिलं, ते मला पहिल्यांदाच थोडंसं कळलं.

तेवढ्यात दोघी दारात. एवढं काय पाहताय म्हणे! आम्ही एकेका डागापुढे पाठ टेकून उभे, आणि एका सुरात, "काही नाही." त्यांचं लक्षच नव्हतं हो... त्यांचं ठरलं होतं, यंत्र सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. इतकी वर्षं जे सुटलं नाही ते चहाच्या एका कपात सुटलं.

आमचं मात्र तसं नाही. साडूंचा आता रोज फोन येतो, विषय एकच. डाग दोन, भिंत एक. परवा त्यांना एक जागा सापडली, दोन्ही अंगांना भिंती, गाडी अगदी नेमकी बसते. मोठ्या आनंदात त्यांनी ती आत घातली...

आणि तिथूनच मला फोन केला. दार उघडत नाही म्हणे.