गोणपाट रडत नाही

बाबा: गेला. अख्खा संघ गेला. त्या दगडतोंड्याने एका फटक्यात तिघांना आडवं केलं.

लेक: मग उठा आता. माझा कॉल आहे, कॉम्प्युटर लागणार मला.

बाबा: एक डाव. शेवटचा.

लेक: सकाळपासून तुमचा शेवटचाच डाव चाललाय. आणि बाबा, दगडतोंड्यासमोर विंचवाला पहिल्या जागेवर कोण ठेवतं?

बाबा: विंचू तापट आहे. तो पुढे असला की समोरचा बिचकतो.

लेक: दगडतोंड्या बिचकत नाही. मी त्याला बिचकायला शिकवलेलंच नाही.

बाबा: मग शिकव की. गेम तुझा, राक्षस तुझे. काल बागेत पोस्टमास्तर विचारत होते, लेक हल्ली करते काय? म्हटलं, गेम बनवते. गुहेत शिरायचं, राक्षस पकडायचे, त्यांना ओळीत उभं करायचं आणि मग हात बांधून बघत बसायचं. लढतात ते आपले आपले. हरले की सगळे गेले. गुहा नवी, राक्षस नवे, पुन्हा पहिल्यापासून. तर म्हणतात, हा काय खेळ झाला? हात बांधून बसायचं?

लेक: मग तुम्ही काय म्हणालात?

बाबा: म्हटलं, मी शाळेत फुटबॉल शिकवायचो, जन्मभर हेच केलं. पगार घेऊन.

लेक: अहो, पण उठा ना.

बाबा: उठलो. ही बघ खुर्ची रिकामी. कोणाचा कॉल म्हणालीस?

लेक: कंपनीच्या मॅडमचा. तुम्हाला माहितेय. उगाच विचारू नका.

बाबा: मी आपलं विचारलं.

लेक: आधीच सांगून ठेवते, मी हो म्हणणार आहे.

बाबा: म्हण ना. मी कुठे नाही म्हटलं?

लेक: तोंडाने नाही म्हटलंत. पण आठवडाभर तुमची पाठ बोलतेय. मी खोलीत आले की खिडकीकडे तोंड करून उभे राहता.

बाबा: खिडकीतून वारा येतो.

लेक: खिडकी बंद असते, बाबा.

बाबा: बरं. त्यांची अट काय आहे, ते एकदा नीट सांग. पाठ वळवून ऐकल्यामुळे अर्धंच कळलं.

लेक: एकच अट आहे. ते आपला गेम बाजारात आणणार, जाहिरात करणार, सगळं करणार. फक्त हरल्यावर एक बटण दिसलं पाहिजे. पैसे भरले की मेलेले राक्षस परत.

बाबा: मेलेले परत.

लेक: हो.

बाबा: मग दगडतोंड्याला कोण घाबरेल?

लेक: ज्याच्याकडे पैसे नाहीत तो घाबरेल. आता ऐकलंत ना? मला माहितेय ते वाईट आहे. पण मला नोकरी सोडून किती काळ लोटला? घर तुमच्या पेन्शनवर चाललंय. ह्या कॉम्प्युटरचा पंखा असा घरघरतो की शेजारच्या काकू विचारतात, गिरणी टाकली का. मी थकलेय, बाबा. लोकांनी माझा गेम खेळावा, एवढंच हवंय मला. एक बटण काय, दोन बसवीन.

बाबा: बसव. थकल्यावर माणूस बसवतोच.

लेक: हे बघा, असं बोलू नका. टोमणा मारायचा तर सरळ मारा.

बाबा: टोमणा नाही. थकलेल्या पोराला मी कधी रागावलो नाही. एवढंच विचारतो, आपल्या त्या गोणपाट राक्षसाचं काय होणार?

लेक: त्याचं काय व्हायचंय?

बाबा: तो काय करतो सांग बघू.

लेक: काही करत नाही. चुकलाय तो. मी कोडमध्ये लिहायला गेले होते, समोरच्या संघात जो सर्वांत अशक्त असेल त्याच्यावर धावून जा. लिहिलं गेलं, आपल्या संघात जो सर्वांत अशक्त असेल त्याच्याकडे. म्हणून तो भर लढाईत शत्रूला पाठ दाखवून मागे येतो. मी त्याच दिवशी दुरुस्त करणार होते, तर तुम्ही माझा हात धरलात.

बाबा: धरला. मला ओळखीचं वाटलं ते पोर. प्रत्येक संघात असा एक असतो. गोल करत नाही, धावायलाही जड. पण ज्याचे पाय लटपटतायत त्याच्या शेजारी जाऊन उभा राहतो, आणि त्याच्यावर येणारा धक्का स्वतः खातो. त्याला बाकावर बसवलं की संघ ढेपाळतो. का ते कोणाला कळत नाही.

लेक: माहितेय. खेळून बघितलेल्या सगळ्यांना तोच आवडलाय.

बाबा: आवडणारच. पण मेलेले विकत परत मिळायला लागले तर त्याने धक्का खाऊन काय साधलं? बिचारा उगाच मरतोय.

लेक: बाबा, कॉलच्या तोंडावर हे नको. प्लीज. तिकडे दाराशी खुर्ची टाका आणि बसा. आणि तोंडाला कुलूप.

बाबा: कुलूप. मी मैदानाच्या लाइनीबाहेर. पाणी आणून ठेवू?

लेक: नको. बरं, ठेवा.

(कॉम्प्युटरवर कॉलची घंटी वाजते.)

मॅडम: नमस्कार, नमस्कार. आवाज येतोय ना? तुमच्याकडे मागे काहीतरी घरघरतंय.

लेक: पंखा आहे, मॅडम. कॉम्प्युटरचा.

मॅडम: अच्छा. आता नवीन घ्याल हो तुम्ही. आधी एक सांगते, आमच्या ऑफिसमध्ये सगळे वेडे झालेत तुमच्या गेमवर. जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना ओळी लावून दाखवतात. मी स्वतः किती वेळा हरले, विचारू नका.

लेक: कोणाकडून? दगडतोंड्याकडून?

मॅडम: त्याच्यापर्यंत पोचतेय कुठे मी? तर मुद्द्याचं बोलते. करार तयार आहे. बटणाबद्दल तुमचा होकार आहे, असं तुमच्या मागच्या मेलवरून वाटलं.

लेक: हो. म्हणजे, जवळजवळ.

मॅडम: छान. माणूस हरतो ना, तो क्षण फार नाजूक असतो. जीव लावलेला असतो त्याने. तेव्हाच तो गेम बंद करून निघून जातो. आपण त्याला फक्त थांबवायचंय. त्यासाठी आमच्या चित्रकारांनी एक नमुना केलाय, तुमच्या स्क्रीनवर टाकते. दिसतंय?

लेक: दिसतंय.

मॅडम: तुमचा गोणपाटच घेतलाय. लोकांचा सगळ्यात लाडका तोच. हरलं की सगळी स्क्रीन काळी होणार, मध्ये एकटा गोणपाट, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी. खाली लिहिलंय, ‘मला इथेच सोडून जाणार?’ आणि त्याखाली बटण.

लेक: ह्याला डोळे आहेत.

मॅडम: हो, ते आम्ही दिलेत. त्याशिवाय रडणार कसा?

लेक: गोणपाट रडत नाही, मॅडम.

मॅडम: रडत नव्हता. आता रडेल. पहिल्या चाचणीत दहा-बारा वर्षांच्या मुलांना दाखवलं आम्ही. एकही मूल नुसतं उठून गेलं नाही. काहींनी आईला हाक मारली, पैसे भरायला मोबाइल दे म्हणून. काम करतंय ते.

लेक: मुलं रडली का?

मॅडम: थोडीफार. म्हणजे जीव लागलाय, असंच ना? हॅलो? आवाज गेला का?

लेक: नाही, आहे मी. पाणी प्यायले.

मॅडम: आणि बारीकसं अजून एक. गोणपाट भर लढाईत उलटा फिरतो. आमच्या तपासणीत ती चूक म्हणून नोंदली गेलीय. तेवढी काढून टाका. रडायचं तेव्हा रडेल, लढताना नीट वागू दे.

लेक: चूकच आहे ती. माझीच.

मॅडम: अहो, होतं असं. काढा की मग.

लेक: नाही काढणार.

मॅडम: ठीक आहे, ती राहू दे हवी तर. बटण महत्त्वाचं.

लेक: बटणही नाही.

मॅडम: म्हणजे? आत्ता तुम्ही हो म्हणालात.

लेक: जवळजवळ म्हणाले होते. बटण नुसतं बटण असतं तर मी मान खाली घालून बसवलंही असतं, खोटं कशाला बोलू? पण तुम्ही त्याला डोळे दिलेत. ज्याने मुकाट्याने दुसऱ्याचा धक्का खायचा, त्याला पोरांसमोर भीक मागायला बसवलंत. त्याला डोळे नाहीत, कारण मी दिले नाहीत. तो कोणाकडे बघून जीव देत नाही, देऊन मोकळा होतो. मेला की मेला. पोराला वाईट वाटेल, ते उठेल, पाणी पिईल आणि पुन्हा पहिल्यापासून ओळ लावील. गेम आहे तो एवढाच आहे. दुसरा माझ्याकडे नाही.

मॅडम: तुम्ही भावनेच्या भरात बोलताय.

लेक: बोलतेय. भर ओसरला तरी हेच बोलणार आहे.

मॅडम: हे बघा, मी तुमच्या बाजूने सांगते. रोज असे शेकडो गेम निघतात. कोणी ढुंकून बघत नाही. तुम्ही एकट्या, मागे तो घरघरणारा पंखा. आम्ही नाही घेतला तर हा गेम कोणाच्या नजरेसही पडणार नाही. आमची दुसरी टीम असाच एखादा बनवील, डोळेवाला. तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

लेक: वाईट वाटेल. बनवू दे.

मॅडम: हरायची फार सवय झालीय तुम्हाला.

लेक: सवय नाही, सराव आहे. माझ्या घरात तोच शिकवला गेला.

मॅडम: तुमच्या शेजारी कोणी आहे का? कोणाचा तरी खांदा दिसतोय मघापासून.

लेक: माझे वडील. आमच्या गेमचे परीक्षक.

मॅडम: मग काका, तुम्ही तरी सांगा हो तिला. तुम्हाला पटतंय का हे?

बाबा: मला विचारू नका. मी लाइनीबाहेर आहे.

मॅडम: ठीक आहे. विचार बदलला तर शुक्रवारपर्यंत कळवा. त्यानंतर मी काही करू शकणार नाही.

लेक: बदलणार नाही. आणि मॅडम, तुम्ही दगडतोंड्यापर्यंत पोचत का नाही सांगू? गोणपाटला सगळ्यांच्या पुढे ठेवत असाल. मधोमध ठेवा. तिथून त्याला कोणाकडेही जाता येतं.

मॅडम: मधोमध. बरं. बघते. ठेवते मी.

बाबा: गेली?

लेक: गेल्या. बाबा, काय करून बसले मी?

बाबा: पाणी पी. उरलंय अजून.

लेक: माझ्या बाजूने एक शब्द बोलला नाहीत तुम्ही. नाही म्हण, एवढं तरी खुणेने सांगायचं.

बाबा: ओळ तू लावली होतीस. सामना सुरू झाल्यावर बाहेरून ओरडून काय होतं? उलट पोराचं लक्ष उडतं.

लेक: आणि मी हो म्हटलं असतं तर?

बाबा: तर उद्यापासून खिडकी उघडून उभा राहिलो असतो.

लेक: हसवू नका. पेन्शनवर अजून किती दिवस ढकलायचं?

बाबा: ढकलू. शाळेत एकही कप जिंकून आणला नाही मी, तरी मैदान रोज भरायचं. तू आता काय करणार, ते सांग.

लेक: शुक्रवारची वाट कशाला बघू? आजच टाकते ऑनलाइन स्टोअरवर. माझ्या नावाने, आहे तसा. डोळे नाहीत, बटण नाही. चार जणांनी खेळला तर चार जणांनी.

बाबा: तीनच नवे लागतील. चौथा मी आहेच. टाक.

लेक: टाकते. हे झालं. चढतोय. थांबा, तुमची खुर्ची मी दाराशी टाकायला सांगितली होती ना?

बाबा: टाकली होती.

लेक: मग ती माझ्या शेजारी कशी आली?

बाबा: मला काय विचारतेस? चूक तुझ्याच कोडमध्ये असेल.