सपोर्ट नाही म्हणे

नाय साहेब, प्लग काढू नका. टेम्पो दारात लावलाय तो बघितला मी, ट्रस्टनं यंत्र भंगारात काढायचं ठरवलंय तेबी ठाऊक हाय — पण ते चालू हाय, आन चालू यंत्राला या खोलीत माझ्याशिवाय कुणी हात लावत नाय. बसा, ते स्टूल घ्या. कंपनीत नवीन दिसता. तुमच्याआधी एक इंजिनिअरसाहेब आले होते, त्यांनीच लिहून दिलं — ऑपरेटिंग सिस्टिम जुनी, नव्या डिस्कला सपोर्ट नाही, यंत्र निकामी. पहिलं खरंच लिहिलं त्यांनी. सपोर्ट नाय. पण सपोर्ट नाय म्हणजे चालतच नाय, हे कुणी ठरवलं?

हे यंत्र काय करतं सांगितलं का तुम्हाला कुणी? का नुसता पत्ता देऊन पाठवलं? — वाटलंच. पाय कापल्यावर जेवढा उरतो ना, त्याचं माप स्कॅनरनं या कॉम्प्युटरात येतं, आन यंत्र फोमचा ठोकळा कोरून हुबेहूब तसाच आकार काढतं. त्याच्यावर गरम प्लास्टिक ओढलं की झाला खोबा — उरलेला पाय ज्याच्यात बसतो तो. खोबा नीट तर माणूस चालतो, नाय तर लाख रुपयाचा पाय कोपऱ्यात उभा. आता ते चालवायचा प्रोग्राम बनवणारी कंपनी कवाच बंद पडली, तो फक्त या जुन्या सिस्टिमवरच चालतो. म्हणून सिस्टिम बदलता येत नाय. बदलता येत असती तर बदलली नसती का? हौस हाय का मला?

गेल्या दिवाळीनंतर जुनी डिस्क कटकट वाजायला लागली. पैठण गेटजवळ फारूखभाई हायेत, शिकलेले इंजिनिअर, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतात — त्यांनी नवीन डिस्क आणून जुनीतलं सगळं जसंच्या तसं उतरवलं. सुरू तर झालं. पण यंत्र कोरता कोरता मधीच थांबायचं, दम लागल्यावाणी, आन जिथं थांबंल तिथं ठोकळ्यावर बारीक कंगोरा उठायचा. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा कंगोऱ्यानं काय होतंय? सिल्लोडच्या धोंडिबामामांना विचारा. कापसाच्या जिनिंगवर राखणदार हायेत, रातभर फिरायचं काम. त्यांचा खोबा त्याच ठोकळ्यावर झाला. वरनं गुळगुळीत दिसत होता. पंधरवड्यात पायाला जखम, आन जखमेत पू. मामांनी येऊन पाय काढला आन माझ्या टेबलावर ठेवला.

मग तुमचे साहेब आले. बघितलं, लिहिलं, नव्या यंत्राचं पत्रक ठेवून गेले. ट्रस्टचे विश्वजीतसाहेब वाईट माणूस नाय, पण कागदावर निकामी लिहिलेलं दिसलं की त्यांचाबी इलाज चालत नाय. खोलीला कुलूप. पेशंटला पुण्याला पाठवा म्हणले. एका पायाच्या माणसाला पुण्याला पाठवा — मापाला एकदा, घालून बघायला दुसऱ्यांदा, टोचतंय म्हणून तिसऱ्यांदा.

पण फारूखभाईंना ते लिहिलेलं लई लागलं. म्हणले, ताई, मला पुन्हा बघू द्या. बघितलं, आन मला समजावलं — मला जेवढं कळलं तेवढं सांगते. डिस्क म्हणजे खणांचं कपाट धरा. जुन्या डिस्कचे खण लहान, त्याला सेक्टर म्हणतात. नवीचा एकेक खण आठपट मोठा. जुन्या सिस्टिमला मोठा खण कळतच नाय, म्हणून डिस्क तिच्यापुढं सोंग घेते — मोठ्या खणाचे लहान आठ करून दाखवते. इथवर ठीक. पण ही जुनी सिस्टिम आपलं सामान मांडायला सुरुवात करते ती एक लहान खण आधीच. मग तिचं प्रत्येक सामान दोन मोठ्या खणांत वाटून पडतं, थोडं ह्यात थोडं त्यात. जरा काय लिहायचं म्हणलं की दोन्ही खण उघडा, आतलं बाहेर काढा, दुरुस्त करा, परत भरा. यंत्र तोवर तोंडाकडं बघत उभं. बस, एवढंच. एका खणाचा फरक, आन तुम्ही निकामी लिहिता?

त्यांनी आपल्या दुकानातल्या नव्या कॉम्प्युटरवर डिस्कची मांडणी नव्यानं केली, सुरुवात मोठ्या खणाच्या काठाला आणली, मग सगळं भरलं. पहिल्या खेपेला भरताना मांडणी परत होती तिथंच गेली. दुसऱ्या खेपेला कॉम्प्युटर सुरूच होईना. तिसऱ्याला झाला. यंत्रानं ठोकळा एका दमात कोरला, हात फिरवला तर कंगोरा म्हणून नाय कुठं.

परवानगी? कुणाची घ्यायची? किल्ली माझ्याकडंच होती, मी कुलूप उघडलं. लिहा तसं, सरितानं उघडलं म्हणून लिहा. आन पेशंटवर प्रयोग केला असं विश्वजीतसाहेब म्हणत असतील तर ते खोटं हाय. पहिला खोबा मी कुणालाच दिला नाय. अख्खा उन्हाळा मी स्वतः तो घालून —

खाली काय बघायलात? व्हय, डावा. बिडकीनच्या रस्त्यावर ट्रकनं घेतला, लई वर्षं झाली. साडीत दिसत नाय. पेशंटलाबी मी सांगत नाय, उगं दया नको. खोलीला कुलूप लागलं त्याच महिन्यात माझा खोबा तडकला, आन खोबे करणारी मीच, आन यंत्र कुलपात, तेबी तवा बिघडलेलं. कुबड्या घेऊन भावाकडं गेले, बिडकीनला. भावजय वाईट नाय हो. दोन वेळचं ताट हातात द्यायची. पण केर काढताना पोरीला म्हणायची, आत्याला जरा सरकव गं. मला नाय म्हणायची, सरका. पोरीला म्हणायची. मी तिथंच दारात बसलेली, ऐकत, आन ती पोर दोन्ही हातांनी मला —

जाऊ द्या. ते तुमच्या कामाचं नाय. धोंडिबामामा ह्याच यंत्रावरचा नवा खोबा घालून फिरायलेत जिनिंगवर, तेवढं तुमच्या साहेबांना सांगा. यंत्र देत नाय, तुमच्या कागदावर सही करत नाय. उठा, टेम्पो मागं घ्या.