खंडेनवमीची सीडी

मस्तगडच्या दवाखान्यात श्रीपती नंबराची वाट बघत बसला होता. शेजारी नंबर लावून बसलेल्या, कम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या तृप्तीच्या फोनवर बियाण्याच्या कारखान्यातला कल्याण बोलत होता, अन् सगळ्या बाकाला ऐकू जात होतं.

"ताई, लेबलं छापायचं व्हर्च्युअल मशीन, ते कम्प्युटरातलं कम्प्युटर, सीडीवरून सुरूच होऊन न्हाई राह्यलं. गाड्या खोळंबल्यात."

"सेटिंगमध्ये सीडी ड्राइव्ह जोडलाय?"

"बराबर जोडलाय. सुरू व्हताना पयला नंबरबी त्याचाच."

"मंग नुसत्या कम्प्युटरवर तरी सीडी उघडते का?"

"न्हाई."

"खंडेनवमीला तिची पूजा केल्ती?"

"केल्ती ना."

"कुंकू कोणत्या बाजूला लावलं?"

"चमकत्या."

"ओल्या फडक्यानं मधून कडेकडं पूस. गोल फिरवू नको."

सगळा बाक फोनकडं झुकला.

"झालं सुरू, ताई."

तेवढ्यात श्रीपतीचा नंबर आला. तो उठलाच नाही, तृप्तीकडं वळला.

"आधी तुमी जा, डॉक्टरीणबाई."