घरकोंबडा वैमानिक आणि त्याचा डावा कान

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे या तुकडीचे आजचे प्रमुख. व्यासपीठावर बसवल्यामुळे मघापासून अवघडून गेलेल्या आमच्या वहिनी. पहिल्या रांगेतल्या त्यांच्या दोन्ही लेकी. मागे ऐसपैस बसलेले निवृत्त सहकारी. आणि पाठीत काठी घातल्यासारखे ताठ बसलेले तरुण वैमानिक हो, जरा सैल बसा. मी निवृत्त झालेली डॉक्टर आहे. तुमचा रक्तदाबही आता माझ्या हातात नाही आणि तुमचं भवितव्यही नाही.

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. डॉक्टरांची दहा मिनिटं किती मोठी असतात हे बाहेरच्या बाकावर बसून तुम्ही सगळ्यांनी अनुभवलेलं आहे, तेव्हा त्यावर मी जास्त बोलत नाही.

ज्या खोलीत आमचा कप्तान नव्या मुलांना शिकवायचा, त्या खोलीला आज त्याचं नाव दिलं जातंय. गेल्या वर्षी तो गेला. घरी, आपल्या खाटेवर, भरल्या घरात गेला. वैमानिकाला याहून चांगलं काय हवं? दाराशेजारी पाटी लागली आहे आणि तिच्यावर नावाखाली एक ओळ आहे: 'आपला दोष आपणहून सांगून विमानातून उतरलेला वैमानिक.' सुंदर ओळ आहे. पण त्या ओळीवर एक हरकत आली आहे, आणि ती बाहेरच्या कुणाची नाही, घरातूनच आली आहे.

मागच्या आठवड्यात त्याच्या थोरलीचा फोन आला. थोरली आता पन्नाशीला टेकली आहे, पण माझ्या लेखी ती थोरलीच. म्हणाली, "डॉक्टरमावशी, पाटीवरची ओळ खोटी आहे. बाबा आपणहून आला नव्हता. मी तुमच्याकडे त्याची चुगली केली, म्हणून तुम्ही त्याला पकडलंत. खोट्या ओळीवर बाबाचं नाव नको."

मी विचारलं, "आईला हे माहीत आहे?"

"नाही. कुणालाच नाही. समारंभात तुम्ही बोलणार आहात ना? मग खरं काय ते सगळ्यांसमोर सांगा. माझी चुगली लपवू नका. आणि ओळ खोटी असेल तर ती काढायला लावा."

आहे की नाही बापाची लेक? मी फोनवर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. म्हटलं, मंचावर बोलते. कप्तानाच्या तब्येतीबद्दल बोलायची परवानगी मी आज सकाळी वहिनींकडून घेतली आहे. काय बोलणार ते मात्र त्यांनाही सांगितलेलं नाही, म्हणून त्या माझ्याकडे अशा बघताहेत.

पण ज्यांनी त्याला पाहिलं नाही, त्यांना आधी माणूस कळायला हवा.

आमच्या तळावर त्याचं नाव होतं घरकोंबडा. हे नाव लढाऊ विमानवाल्यांनी ठेवलं. ती मंडळी म्हणजे काय विचारता! चालताना जमीन त्यांच्या पायाला लागायची नाही. आणि हा चालवायचा मोठ्या पोटाचं मालवाहू विमान. पीठ, औषधं, तंबू, माणसं, मिळेल ते पोटात घालायचं आणि पोचवायचं. उतरला की बाकीचे जायचे मेसमध्ये गप्पा छाटायला, हा हेल्मेट ठेवून थेट घरी. कुणी आग्रह केला तर म्हणायचा, "वरून हुकूम आहे." आम्हाला वाटायचं, मुख्यालयाचा. हुकूम असायचा वहिनींचा, येताना कांदे आणायचे. एकदा मुख्यालयातून आलेल्या बड्या साहेबांनी याला धावपट्टीवर कोथिंबिरीच्या जुडीसकट गाठलं. याने सलाम ठोकला, जुडी डाव्या हातात. साहेब जुडीकडे बघत राहिले आणि हा साहेबांकडे.

मी त्यांची शेजारीण. आमच्या दोन घरांमधली भिंत इतकी पातळ, की तिकडे भांडं पडलं तर इकडे मी वाकायची. त्यामुळे सकाळचा वेण्यांचा कार्यक्रम मला रोज ऐकू यायचा. वहिनींची शाळेतली नोकरी सकाळची, तेव्हा पोरींच्या वेण्या घालणं बापाकडे. आता या माणसाला दोरी म्हटलं की एकच गाठ ठाऊक, विमानात माल बांधतात ती! वादळात विमान उलटंपालटं झालं तरी पेटी हलता कामा नये, अशी ती गाठ. शाळा सुटेपर्यंत बाकीच्या मुलींच्या झिंज्या झालेल्या असायच्या आणि या दोघींच्या वेण्या जशाच्या तशा. रात्री वहिनींना रिबिनी सुटायच्या नाहीत, कात्रीने कापाव्या लागायच्या. घरात किराण्यापेक्षा रिबिनींचा खर्च जास्त, असं वहिनी म्हणायच्या. तो म्हणायचा, "माल सुखरूप पोचला की नाही ते सांग."

हसू नका, त्याचा स्वभावच या वाक्यात आहे. एकदा हवा बिघडली म्हणून याने अर्ध्या वाटेतून विमान परत वळवलं. मागे सैनिक भरलेले आणि त्यांच्यात एक वरिष्ठ अधिकारी. उतरल्यावर ते भडकले.

"कप्तान, घाबरलास की काय?"

"हो साहेब. घाबरलो म्हणूनच वळलो."

"मग वैमानिक कशाला झालास?"

"साहेब, मागच्या सगळ्यांना संध्याकाळी कुणी ना कुणी दारात उभं राहून बघत असेल. मलाही बघतात."

साहेब टोपी घालून चालू लागले. त्यांच्याही घरी कुणीतरी असणारच.

आता कानाकडे येते. थोरली सात वर्षांची, धाकटी पाच पूर्ण करायच्या बेतात. खेळ आंधळी कोशिंबिरीचा आणि राज्य कायम बापावर. या पोरींच्या लक्षात आलं, की बाबाला डावीकडून गाठलं तर त्याला पत्ताच लागत नाही. उजवीकडून चाहूल लागते, डावीकडून बिनधास्त टपली मारून पळावं. मोठ्यांच्या ध्यानात न आलेली गोष्ट पोरींनी खेळात हेरली आणि जिंकायच्या लोभाने आपल्यातच ठेवली. वहिनींना तर संशयही आला नाही. त्या मला नंतर म्हणाल्या, "अहो, डावीकडून हाक मारली की हे गप्प. मला वाटलं, सगळ्याच नवऱ्यांना असंच ऐकू येतं."

तर एका शनिवारी थोरली माझ्या दवाखान्यात आली. धाकटीचा वाढदिवस होता, मला केक खायला बोलवायला आली होती. काम झालं तरी निघेना. औषधाच्या बाटल्या मोजल्यासारख्या बघत उभी. मग म्हणाली, "मावशी, बाबाला डाव्या कानाने ऐकू येत नाही."

"तुला काय माहीत?"

"मी परवा परीक्षा घेतली. त्याच्या डाव्या कानाला तोंड लावून म्हटलं, बाबा, तू गाढव आहेस. तो हसला आणि हो म्हणाला."

मंडळी, तुम्ही हसताय. मला त्या दिवशी हसायची सोय नव्हती. ती पुढे म्हणाली, "तुम्ही त्याचा कान बरा कराल ना? पण मी सांगितलं असं सांगू नका." मी शब्द दिला. पेशंटचं बोलणं डॉक्टरच्या पोटातच राहतं, पेशंट सात वर्षांचा असला तरी.

रविवारी संध्याकाळी कप्तानाने घरी सगळ्यांना जवळ बसवून सांगितलं, की माझा कान बिघडलाय, उद्यापासून मी विमान चालवणार नाही. सोमवारी त्याचं उड्डाण बंद झालं. पुढे शस्त्रक्रिया झाली, थोडा उपयोग झाला, पुरेसा नाही. तो पुन्हा कधी वैमानिकाच्या खुर्चीत बसला नाही. आणि एक गोष्ट या तरुणांना ठाऊक नसेल. महिन्याभरात ही तुकडी त्याच्या हातात यायची होती. आज अध्यक्ष ज्या खुर्चीत बसतात ती त्याची ठरलेली होती. ती दुसऱ्याकडे गेली आणि याच्याकडे आला खडू आणि फळा.

आता थोरलीच्या जागी बसून बघा. शनिवारी मी मावशीला सांगितलं, सोमवारी बाबाचं विमान गेलं. सात वर्षांच्या डोक्याने याचा काय अर्थ लावावा? फोनवर ती मला म्हणाली, "मावशी, डोक्यावरून विमान गेलं की बाबा मान वर करून बघायचा, आणि मी मान खाली घालायची." वर्षानुवर्षं हे चाललं. भिंत इतकी पातळ, आणि पलीकडची मी, मला याचा आवाज कधी आला नाही.

वाईट वाटलं का त्याला? वाटलं. खोटं कशाला सांगू? पहिले काही महिने तो हँगरकडे जायचाच नाही, लांबून वळसा घालून घरी यायचा. पण मग त्या खोलीत तो रमला. इथे मागे बसलेल्या निम्म्या टकलांना त्यानेच शिकवलं आहे. पहिल्या दिवशी पहिला धडा एकच असायचा. "ऐकू आलं नाही तर नाही म्हणा. कळलं नाही तर नाही म्हणा. लाज वाटली तर लाजून नाही म्हणा." आणि त्याच्यानंतर या तळावर एक गोष्ट बदलली. त्याआधी वैमानिक माझा दवाखाना टाळायला अख्ख्या मैदानाला फेरी मारायचे. डॉक्टर दिसली की ठणठणीत असल्यासारखे शीळ घालायचे. नंतर मात्र एकेक जण आपल्या पायांनी यायला लागला. कुणाला चक्कर येत होती, कुणाला झोप नव्हती. ते सगळे म्हातारे झाले, नातवंडं खेळवताहेत. काही समोर बसलेत. नावं घेत नाही, घाबरू नका.

तर आता हरकतीचा निकाल. थोरले, नीट ऐक.

तू शनिवारी आलीस. त्याच्या आदल्या संध्याकाळी, शुक्रवारी, मी दवाखाना बंद करत होते. औषधांची खोकी येतात त्या मागच्या दाराने तुझा बाबा आत आला. मी म्हटलं, "कप्तान, वाट चुकलास का रे?" तो हसला नाही. स्टुलावर बसला.

म्हणाला, "डॉक्टरबाई, काल थोरलीने माझ्या डाव्या कानात काहीतरी सांगितलं. हाताचा आडोसा करून, अगदी जिवाभावाचं. मला एक अक्षर कळलं नाही. मी हसून हो म्हटलं. पोरगी उड्या मारत गेली."

मी म्हटलं, "बरं मग?"

"मग काय? तिने काय मागितलं आणि मी कशाला कबूल झालो, मला माहीत नाही. स्वतःच्या पोरीला न ऐकता हो म्हणणारा माणूस वर हवेत कुणालाही हो म्हणेल. मागे माणसं असतात हो."

मी त्याला कान तपासायच्या खोलीत बसवलं. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. उजवीकडे भराभर दाबलं. डावीकडे मी आवाज वाढवत गेले, वाढवत गेले आणि तो काचेतून माझ्या तोंडाकडे बघत बसला. चेहरा बघून अंदाजाने दाबता आलं असतं. त्याने हात मांडीवरून उचलला नाही.

वार्षिक तपासणी अजून लांब होती, आणि त्याच्या कानावर एवढ्यात कुणाचंही लक्ष गेलं नसतं. मी त्याला म्हटलं, "अरे, तुकडी तुझ्याकडे येत्येय. विचार केलास ना?" तो म्हणाला, "केला. म्हणून म्हणतो, लगेच लिहा, माझं मन बदलायच्या आत." मी लिहिलं. मग डोळे पुसून म्हणाला, "उद्या धाकटीचा वाढदिवस आहे. घरी रविवारी सांगतो. तोवर तुम्हीपण चेहरा सांभाळा."

म्हणून गं, तू शनिवारी बाटल्या बघत उभी होतीस तेव्हा मी चेहरा सांभाळत होते. तुझं गुपित त्याला सांगायचं नव्हतं आणि त्याचं तुला. मोठ्या जिवाभावाचं म्हणून तो ज्यासाठी रडला, ते 'गाढव' होतं, हे जगात मला एकटीला ठाऊक होतं, आणि सांगायचं कुणाला?

तुझ्या चुगलीने काही झालं नाही. तू आलीस त्याआधीच तो येऊन गेला होता. कुणी त्याला पकडलं नाही, कुणी बोलावलं नाही. पाटीवरची ओळ अक्षरशः खरी आहे, ती तिथेच राहील. तू बाबाला खाली उतरवलं नाहीस, पोरी. तो आपला आपण उतरला. आता मान वर कर.

अध्यक्ष महाराज, दहा मिनिटं कधीच उलटली, तरी तुम्ही घड्याळाकडे बघितलं नाहीत याबद्दल आभारी आहे. ज्यांनी पाटी घडवली, खुर्च्या मांडल्या, आणि मला इतक्या लांबून गाडीने आणलं, त्या सगळ्यांचे आभार. म्हातारीच्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाची टिंगल जास्तच झाली असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि वहिनी, तुमची वेगळी माफी मागते. तुमच्या नवऱ्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तुमच्या आधी दोन दिवस मला माहीत होती, आणि वाढदिवसाला तुमच्याच घरी बसून मी केकचे दोन तुकडे खाल्ले. तोही शेजारी बसून खात होता, आणि दोघी पोरी त्याच्या मांडीवर होत्या.