जिन्यापुरतं लायसन

— त्या खुर्चीवर नका बसू सर, तिचं एक चाक निखळतं, आणि माणूस बोलायच्या भरात आला की नेमकं निखळतं — इथं बसा, ही आमच्या मालकांची, गौरीशंकर सरांची. हिच्यावर आम्ही कुणी बसत न्हाई, पण तुम्ही बसा. जिन्यात ठेच लागली न्हवं? लागतेच. खालून दुसरी पायरी उंच आहे, बाकीच्या ठेंगण्या. घरांच्या डिझाईनचं हापिस आणि जिना असला, सगळेच हसतात. पण तो आमचा न्हाई, खालच्या अडत दुकानवाल्याच्या आजोबांनी बांधलाय. पाणी घ्या. चहा सांगितलाय. तुम्ही दारात उभं राहून ‘मल्हार कोण’ म्हणलात आणि मला इतकं बरं वाटलं — सकाळपासून खिडकीत होतो, लातूरची गाडी आली का, खांद्याला काळी बॅग अडकवलेला माणूस उतरला का. तुमच्या सॉफ्टवेअरच्या हापिसातल्या ताई फोनवर म्हणल्या होत्या, माणूस पाठवते, तो मल्हार म्हणून विचारंल. मी म्हणलं, पाठवतात कसले. कळंबला कोण येतंय एवढ्यासाठी. आणि तुम्ही आलात.

बघा, हीच ती मशीन. डबल क्लिक केलं की आधी ते रंगीत चित्र येतं, मग गोल फिरतं — फिरू द्या, लई वेळ फिरतं — आणि मग ही पाटी. लायसन मिळू शकत न्हाई. दसऱ्यापासून रोज हीच. मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे तुमचा येळ जाणार न्हाई. बंद करून चालू केलं. वायर काढून लावली. मग दुसरी वायर आणली. अँटिव्हायरस बंद केला. एकानं सांगितलं, काँप्युटरची तारीख मागं घे, दसऱ्याच्या आधीची कर, त्याला वाटंल काही झालंच न्हाई. घेतली. त्याला तसलं काही वाटलं न्हाई. उलट आणखी एक पाटी आली, तारखेत गडबड आहे म्हणून. तारीख जागेवर आणली तरी ती काही जाईना. आता दोन्ही येतात, एकीमागं एक, सासू-सून आल्यासारख्या.

व्हय, व्हय, झालं कसं ते राहिलंच. सांगतो. आधी हे लायसन म्हणजे काय ते मला सरांनी जसं समजावलं होतं तसं सांगतो — तुम्हाला माहीतच आहे, पण मी बरोबर समजलोय का तेवढं बघा. सर म्हणले, मल्हार, असं समज, आड आहे, आणि आडावर दोर तीन. माणसं पाच. ज्याच्या हातात दोर आला त्यानं पाणी शेंदायचं, बाकीच्यांनी काठावर थांबायचं. एकानं दोर खाली ठेवला की दुसऱ्यानं उचलायचा. म्हणजे आमचे काँप्युटर पाच आणि सॉफ्टवेअरची परवानगी तिघांची. आणि कोपऱ्यातली ती जुनी मशीन, तिच्यावर कुणी काम करत न्हाई, ती नुसती दोर सांभाळते. कुणाला दिला, कुणाकडून परत आला. तिला आम्ही कधीच बंद करत नव्हतो. ती बंद तर सगळं हापिस बंद.

तर खंडेनवमी. आमच्या सरांचं ह्या बाबतीत पक्कं असायचं — त्या दिवशी हत्याराला हात लावायचा न्हाई, हत्यार देवापुढं. टेप, स्केल, ती लेव्हलची दुर्बीण, सगळं चौरंगावर. काँप्युटरला जागेवरच हळदकुंकू. पण ह्या खेपेला सर म्हणले, आपलं खरं हत्यार तर ते कोपऱ्यातलं, सगळे त्याच्या जिवावर जेवतोय आणि त्याला आजपर्यंत एक फूल न्हाई. सरांचं पुण्याला पोराकडं जायचं ठरलं होतं ना, ही शेवटची पूजा. म्हणून ती मशीन बंद केली, फडक्यानं पुसली, चौरंगावर मधोमध ठेवली, झेंडूचा हार घातला — लई छान दिसत होती सर, खरं सांगतो, नवरीसारखी. सरांनी नारळ फोडला. हात थरथरतो आता त्यांचा. पाणी उडालं ते सरळ मागच्या जाळीतून आत. देवाचं पाणी. सरांनीच धोतराच्या सोग्यानं पुसलं.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर चालू केली, तर चालू झाली! बाकी सगळं शाबूत, नुसतं नेटवर्कचं कार्ड गेलं. बंडप्पा आहे बाजारतळाला, रिपेरिंग करतो, त्यानं दुसरं कार्ड टाकून दिलं. हिरवी लाईट लागली. आम्ही एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. आणि मग ही पाटी. कारण लायसन म्हणे मशीनच्या नावावर नसतंच, ते त्या कार्डाच्या नंबरावर बांधलेलं असतं. कार्ड मेलं, नंबर मेला, लायसन जिवंत आहे पण त्याला त्याचं घर सापडंना. जुनं कार्ड मी ठेवलंय, तिथं देवाच्या फोटोपुढं, कुंकवासकट. लागलं तर घ्या.

तुम्ही मशीनला हात लावला न्हाई अजून. न्हाई, चालंल, तुमची पद्धत असंल आधी सगळं ऐकून घ्यायची. चांगले डॉक्टर तसंच करतात.

बाकीचे? गेले की. दोघं धाराशिवला लागले, एक जण लातूरला. त्यांना दुसरी सॉफ्टवेअर येतात, नवीन येतात. मी राहिलो. कंपनीला मेल केली होती सरांच्या नावानं, तर ते म्हणतात ज्याच्या नावावर लायसन त्यानंच त्याच्याच मेलवरून लिहायला पाहिजे, आणि तसलं जुनं, कायमचं लायसन आता ते देतच न्हाईत, आता वर्षाला नवीन. सरांना मेलचा पासवर्ड आठवत न्हाई. फोन केला की विचारतात, मल्हार, मशीनला ऊन तर लागत न्हाई ना? खिडकीचा पडदा ओढत जा. एक जण म्हणला चोरीचं टाकून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. पण सर जाताना म्हणून गेलेत, माझ्या नावाच्या पाटीखाली तसलं नको. आता पाटी त्यांच्याच नावाची आहे. काय करणार.

शिक्षण? माझं? हे पण लिहावं लागतं व्हय तक्रारीत? — नववी. नववी पण धड न्हाई, वार्षिकला बसलोच न्हाई. घर? आमचं गाव ईट. मेंढरं आमची. तात्यांची कंबर धरली त्या साली, मग मागं कोण जाणार? मी गेलो. मग इथं सरांकडं झाडायला-पुसायला लागलो आणि बघत बसायचो. एक दिवस सर म्हणले, बघतोस काय, बस. बसलो. सगळं न्हाई येत मला, खरं सांगतो. बीमचा हिशेब येत न्हाई, इंग्रजी तर विचारूच नका. पण जिना येतो. सर म्हणायचे जिना मल्हारला द्या. पायरी किती उंच, पाय कुठं पडंल, म्हातारं माणूस मधे कुठं दम खाईल, ते मला दिसतं. आणि आमच्या घराला जिना न्हाई! पत्र्याच्या दोन खोल्या. तात्या म्हणतात, ‘म्या जलमात पायरी चढलो न्हाय आन् पोरगं पायऱ्या इकतंय.’

मेंढरं? आहेत की. न्हाई विकली. तात्या अजून मागं जातात. तसं बाहेर सांगायचं न्हाई म्हणून ठरलंय, पण तुम्ही लातूरचे, तुमच्यापासून काय लपवायचं. तुम्हाला माहीत न्हाई इकडं काय चाललंय सर. मेंढरं म्हणलं की पोरगी देत न्हाईत. शेती म्हणलं तरी देत न्हाईत. बापाची मेंढरं चालतील का विचारा, न्हाई चालत. पोरगा टेबलावर बसणारा पाहिजे. आमचे शिवलिंग काका मधे पडलेत एका स्थळासाठी, बेंबळीची जागा, त्यांनी तिकडं सांगून ठेवलंय — मेंढरं विकली, पोराचा डिप्लोमा झालाय, हापिसात डिझाईन इंजिनिअर आहे. मी म्हणलं काका हे बरं न्हाई. तर म्हणले, तू गप बस, तुला बोलता येत न्हाई तेच बरं आहे. आणि खरंच, मला बोलता येत न्हाई सर. आज हे एवढं कसं बोलतोय काय माहीत. तुम्ही मधे तोडत न्हाई म्हणून असंल.

बघून आलो आम्ही. निकिता नाव तिचं. सगळे प्रश्न काकांनीच विचारले आणि काकांनीच उत्तरं दिली. मग म्हणले पोरापोरींना बोलू द्या जरा, आणि दोघांना उभं केलं गोठ्याच्या बाजूला. मी म्हशीकडं बघत. ती म्हणली, तुम्ही काय काढता हो काँप्युटरवर? मी म्हणलं, जिने. वाटलं आता हसंल. हसली न्हाई. म्हणली, जिना कसा काढतात? वरून का खालून? — सर, आजपर्यंत हे मला कुणी विचारलं न्हाई. इंजिनिअर लोकांनी पण न्हाई. मी म्हणलं, खालून. कारण चढणारा खाली उभा असतो. ती म्हणली, मला बघायचंय. आणि मी कबूल करून बसलो.

आता रविवारी येणार ते. हापिस बघायला, पोरगा खरंच टेबलावर बसतो का बघायला. तिलाही आणणार आहेत. आणि तिचे मामा — ते त्या दिवशी नव्हते, लातूरला बँकेत असतात, त्यांना मी बघितलेलंच न्हाई — पण शेवटचा शब्द म्हणे त्यांचाच. लई बारीक माणूस. मागच्या एका जागेला न सांगता पोराच्या कारखान्यात जाऊन उभे राहिले आणि लग्न मोडून आले, असं शिवलिंग काका सांगत होते. म्हणून सर, मी तुम्हाला हात जोडतो. कायमचं न्हाई जमलं तर नका करू. तीन दोरांतला एकच दोर, एकाच दिवसापुरता. एक जिना काढण्यापुरतं उघडू द्या. खालची पायरी, मग वरची, ती बघत असताना. पुढं मग मीच तिला सांगणार आहे, नववी, मेंढरं, समदं. माझ्या तोंडानं. पण आधी तिला कळू दे की एक गोष्ट मला येते. ती नुसती काकांनी सांगितलेली न्हाई. एवढं —

थांबा, फोन वाजतोय. उचलतो. लातूरचाच नंबर आहे.

हॅलो — व्हय, मल्हारच बोलतोय, बोला ताई. व्हय, आलेत की, पोचलेत, माझ्यासमोरच बसलेत. — काय? — कोण न्हाई आलं? — न्हाई ताई, तुमचा माणूस इथं — अजून निघालाच न्हाई? — बरं. — कंपनीचं उत्तर आलं? — जुन्या लायसनचं काहीच होत न्हाई. — एक दिवसापुरतं पण न्हाई? — बरं. — न्हाई, मग कशाला पाठवता, व्हय, उगाच फेरी. — न्हाई, राग कसला. ठेवतो.

…

मग तुम्ही.

काळी बॅग आहे तुमच्याकडं. लातूरच्याच गाडीनं आलात. मल्हार कोण म्हणलात, आणि मी हो म्हणलं, आणि तुम्हाला काही विचारलंच न्हाई. तुम्ही घर विचारलंत, शिक्षण विचारलंत, मेंढरं विचारलीत — मशीनचं एक अक्षर विचारलं न्हाई.

मामा.

न्हाई, उठू नका, चहा येतोय — बरं. उठा. मी काही म्हणत न्हाई. शिवलिंग काकांना बोल लावू नका, ते माझ्यासाठीच बोलत होते. आणि मी जे बोललो ते खोटं न्हाई, एवढंच. रविवारचं — व्हय. कळलं. न्हाई आणणार तिला. तिला एवढंच सांगा, खालूनच काढतात — न्हाई. राहू द्या. नका सांगू.

पडदा ओढायचा राहिला आज.

जपून मामा, खालून दुसरी पायरी — आणि मामा — पाया पडायचं राहिलं.