लेप सुकेपर्यंत

कारागीर : काकू, खरं सांगा, ह्या खुर्चीला तेल कोण लावतंय?

काकू : कुणी नाही हो. मागे एकदा भांड्यांच्या साबणानं पुसली होती, तेवढंच.

कारागीर : साबण! अहो, हे कोवळं चामडं आहे. वर रंगाचा थर नाही, पडेल ते पिऊन टाकतं. ओलं फडकं घट्ट पिळायचं आणि अलगद फिरवायचं. कढई घासल्यासारखं नाही.

काकू : चुकलं बाबा. पण डाग निघेल ना?

कारागीर : तोच तर घोळ आहे. हा डोक्याचा डाग आहे. मान टेकून बसणाऱ्याच्या केसांचं तेल. कोण बसतं इथे?

काकू : हे बसायचे. चार वर्षं झाली त्यांना जाऊन.

कारागीर : आणि त्यानंतर?

काकू : कुणी नाही. घरात मी एकटी, आणि माझी बैठक स्वयंपाकघरातल्या स्टुलावर.

कारागीर : काकू, वीस वर्षं हेच करतोय. न वापरलेलं चामडं वाळतं, तडकतं. हे लोण्यासारखं मऊ आहे. आणि हे फडकं बघा. परवा मी पुसून गेलो तेव्हा शेवटी पांढरंशुभ्र निघालं होतं. आज परत पिवळं.

काकू : (फडक्याची घडी घालत) रोजच होतं तसं.

कारागीर : म्हणजे तुम्हाला माहीत आहे.

काकू : माहीत आहे म्हणून तर तुम्हाला बोलावलं. मला काय डागाची लाज वाटते? शिवणीपाशी चामडं कुजायला लागलंय. खुर्ची फाटली तर ते बसतील कुठे? मग यायचेच नाहीत. मला नाही सोसायचं ते पुन्हा.

कारागीर : मी... मी वरून लेप देतो. तेल आत मुरणार नाही. दहा वर्षं बघायला नको.

काकू : मग लावा की!

कारागीर : पण लेप सुकेपर्यंत, म्हणजे उद्या सकाळपर्यंत, कुणी टेकायचं नाही. नाहीतर सगळ्या मेहनतीवर पाणी.

काकू : ते तुम्हीच सांगा त्यांना. माझं कधी ऐकलंय त्यांनी?

कारागीर : मी? आत्ता?

काकू : आत्ताच. दुपारचे ह्याच वेळेला टेकतात.

कारागीर : साहेब... उद्या सकाळपर्यंत जरा दुसरीकडे बसाल का?... काकू, ही दबलेली गादी वर कशी आली?

काकू : उठले. बाहेरच्या माणसाला कधी नाही म्हणाले नाहीत ते.