नावाची चौकट

शोघिक : हळू, सूनबाई! गाठी ठोकायची फणी आहे ती, कुऱ्हाड नव्हे. सकाळपासून तुझी बाजू दबत चाललीये आणि माझी वर राहतेय.

नाझिक : दबू दे.

शोघिक : दबू दे काय? मागावरून उतरल्यावर गालिचा भिंतीवर तिरका लटकेल. आणि जाणार कुणाकडे, तर आपल्या म्हेरच्या साहेबांकडे, भेट म्हणून. म्हणतील, याच्या आईला नि बायकोला सरळ ओळसुद्धा विणता येत नाही.

नाझिक : साहेबांकडे.

शोघिक : साहेबांकडेच. रशियात त्यांनी हात दिला म्हणून तर माझ्या मुलाला काम मिळालं... अशी काय बघतेस?

नाझिक : आई, वरच्या पट्टीत नावाची चौकट कोरी ठेवायची, असं तुम्हीच सांगितलंत. या साहेबांना नाव नाही का?

शोघिक : म्हेर कळवणार आहे. विसरला असेल. कामाच्या धबडग्यात माणूस—

नाझिक : दोन हिवाळे घरी यायचंही विसरलाय तो.

शोघिक : काल तू लवाशच्या रोट्या भाजायला गेली होतीस. तिथे कुणी काही बोललं?

नाझिक : कुणी काही बोललं नाही, म्हणून तर कळलं. एरवी तंदुराभोवती त्या बायकांची तोंडं आगीपेक्षा जोरात चालतात. काल मी उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि सगळं चिडीचूप. मग त्यांच्यातल्या वार्सेनिकला अंगणात गाठली. तिचा नवरा नुकताच रशियातून आलाय.

शोघिक : वार्सेनिक! कॉफीच्या गाळात भविष्य बघून रोज कुणाचं तरी लग्न ठरवणारी ती! तिचं ऐकतेस तू?

नाझिक : या वेळी तिने गाळ पाहिला नाही, तिच्या नवऱ्याने म्हेरचं तिकडचं घर पाहिलं. घरातल्या बाईचं नाव ल्युदा. घरात पाळणाही हलतोय. आणि माझा नवरा आल्यागेल्याला भिंत दाखवून सांगतो, इथे माझ्या आईच्या हातचा गालिचा येणार आहे.

शोघिक : माझ्या हातचा?

नाझिक : आईच्या हातचा म्हणे! निम्म्या गाठी माझ्या आहेत.

शोघिक : नाझिक जान, मला खरंच—

नाझिक : ‘ठाऊक नव्हतं’ एवढं मात्र म्हणू नका. इथे बोट ठेवा. या निळ्या गरुडाच्या पंखापाशी.

शोघिक : ठेवलं.

नाझिक : इथपर्यंत तुमचा हात माझ्याहून घट्ट. इथून पुढे एकेक गाठ सैल. तेव्हा आपण जर्दाळू वाळत घातले होते. त्याचा फोन आला आणि तो कानाला लावून तुम्ही मेंढ्यांच्या गोठ्याकडे गेलात. मला वाटलं, आईंची सांधेदुखी बळावली. तुमची बाजू वर चढू लागली. मी अवाक्षर काढलं नाही. माझ्या बाजूला जादा आडवे धागे भरले आणि दोन्हींची बरोबरी केली. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.

शोघिक : पाहिलं होतं मी ते.

नाझिक : पाहिलं होतंत! आणि तरी मला तिच्या भिंतीसाठी विणत बसवलंत?

शोघिक : बसवलं.

नाझिक : कात्री द्या.

शोघिक : नाझिक!

नाझिक : देताय, की स्वयंपाकघरातून सुरी आणू?

शोघिक : ही घे. काप, पण ऐकून काप. हा गालिचा तिच्या भिंतीवर जावा असं मला एकदाही वाटलं नाही. म्हेरला मी ना हो म्हटलं, ना नाही. मला एवढंच दिसत होतं की हा माग एकटीने चालत नाही. यावर काम आहे तोवर तू रोज सकाळी माझ्या शेजारी येऊन बसणार. काम संपलं, गोष्ट उघडी पडली, की पोरीला, अस्तघिकला घेऊन तू माहेरी जाणार. मग या घरात मी भिंतीशी बोलत बसायचं. म्हणून मी मुद्दाम हळू, सैल हाताने विणत होते. सांधे दुखतात म्हणत होते. नव्हते दुखत.

नाझिक : मुलगा तुमचा, लाज तुमची, आणि गुंतवून ठेवलंत मला.

शोघिक : हो.

नाझिक : अहो, निदान भांडा तरी! ‘माझा मुलगा असा नाही’ असं तरी म्हणा!

शोघिक : असाच आहे. बापावर गेलाय म्हणायचीही सोय नाही. तो बिचारा आयुष्यात आपल्या या सरोवराच्या पलीकडे गेला नाही.

(नाझिक कात्री ताण्याच्या उभ्या धाग्यांपाशी नेते. एक धागा पात्यांत धरते, पण कापत नाही.)

शोघिक : चौकटीत तुझं नाव घालू. तुझं आणि आपल्या अस्तघिकचं. जाशील तिथे घेऊन जा. म्हेरला काय सांगायचं ते मी सांगेन.

नाझिक : तिच्यासाठी मांडलेल्या गालिच्यावर माझं नाव? उष्ट्या ताटात वाढताय मला?

शोघिक : मग काय करू, ते तूच सांग.

नाझिक : उठा.

शोघिक : घरातून?

नाझिक : जागेवरून. तुम्ही इकडे या, मी तिकडे बसते. तुमचा हात सैल, माझा जड. थोडा वेळ असं उलट बसून विणलं, तर कड सरळ येईल.

शोघिक : आणि नाव?

नाझिक : ती फणी द्या इकडे. नावापर्यंत अजून वीतभर आहे.